अमेरिकन आर्मीचा डिस्चार्ज अपग्रेड आणि जीआय बिलाचे बाराशे डॉलर : ठाण्यात बसून काय करता येतं

ठाण्या-नवी मुंबईतून ग्रीन कार्डवर गेलेली पोरं तिकडे आर्मीत नाहीतर नेव्हीत भरती होतात हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, पण होतात, ग्रीन कार्ड पुरतं, सिटिझन असायलाच हवं असं नाही. त्यातला एखादा मुदतीआधी बाहेर पडतो, डिस्चार्ज, म्हणजे नोकरीतून सोडतानाचा शेरा, "ऑनरेबल" न मिळता एक पायरी खाली मिळतो, आणि कॉलेजसाठी जीआय बिल, म्हणजे माजी सैनिकांना शिक्षणाचे पैसे देणारी सरकारी योजना, लावायला गेला की कळतं पैसे मिळणार नाहीत. माझ्या भाच्याचं असंच झालं, तो आता घोडबंदर रोडला आईकडे राहतो, आणि त्याचे कागद बघता बघता मला जे समजलं ते लिहून ठेवतोय.

बहिणीचा पहिला प्रश्न होता, "दादा, पगारातून बाराशे डॉलर कापलेत, लाखभर रुपये झाले, शिकायला देत नाहीत तर निदान ते तरी परत द्या म्हणावं." प्रश्न बरोबर आहे, पण त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. आधी ते का ते सांगतो, मग खऱ्या कामाचं.

माँटगोमेरी जीआय बिल नावाची जुनी योजना आहे, तिच्यात भरती झाल्यावर १२ महिने दर महिन्याला १०० डॉलर पगारातून कमी होतात. आपण त्याला पीएफसारखं समजतो, की आपले पैसे कुठेतरी जमा आहेत. तसं नाहीये. कायद्याच्या भाषेत ती ठेव नाही, पगारच तेवढा कमी केलाय, म्हणून त्यावर इन्कम टॅक्सही लागत नाही आणि म्हणूनच ते सहसा परतही मिळत नाहीत. डीडी २३६६ नावाच्या फॉर्मवर सही घेतात, त्यात हे लिहिलेलं असतं, पण ट्रेनिंगच्या गडबडीत अठरा-वीस वर्षांचं पोरगं काय वाचणार.

परत मिळायचे रस्ते मोजकेच आहेत. एक म्हणजे माँटगोमेरी सोडून नवीन पोस्ट नाइन-इलेव्हन जीआय बिल घेतलं आणि त्याचे सगळे महिने वापरून संपवले, तर शेवटच्या घरभाड्याच्या भत्त्याबरोबर ते बाराशे येतात, त्यातही माँटगोमेरीचे काही महिने आधी वापरले असतील तर तेवढे कमी होऊन, आणि संपतेवेळी घरभाडं चालू असावं लागतं. वरून जास्तीचे ६०० डॉलर भरले असतील तर ते गेलेच समजा. दुसरा, नोकरीत असताना किंवा सुटल्यावर वर्षाच्या आत, नोकरीशी संबंधित कारणाने मृत्यू झाला तर वारसाला काही रक्कम मिळू शकते. तिसरा, फॉर्मवर "नको" म्हणून सही केली होती आणि तरी कापले, ही रेकॉर्डमधली चूक झाली, ती दुरुस्त करून मागता येते. आणि १९७७ ते १९८५ मध्ये भरती झालेल्यांची व्हीईएपी नावाची योजना होती, तिचे पैसे मात्र खरोखर जमा असायचे आणि २२-५२८१ नंबरच्या फॉर्मवर परत मिळतात. कुणाचे काका-मामा त्या काळातले असतील तर विचारून बघा.

म्हणजे भाच्यासारख्या केसमध्ये रिफंडचा अर्ज करून काहीच हाती लागत नाही. पण डिस्चार्जचा कागद सुधारला तर शिक्षणाचे ३६ महिन्यांपर्यंतचे पैसे उघडू शकतात, त्यापुढे बाराशे डॉलर काहीच नाहीत. माझं मत विचाराल तर रिफंडचा विषय बाजूला ठेवा आणि सगळा जोर अपग्रेडवर लावा.

आता तो कागद. सुटताना मिळणारा दाखला, डीडी २१४ म्हणतात त्याला. त्याची छोटी कॉपी असते आणि मोठी कॉपी असते, छोटीवर डिस्चार्ज कसा झाला ते लिहिलेलंच नसतं, त्यामुळे मोठी, म्हणजे मेंबर कॉपी ४, हातात घ्या. रकाना २४ मध्ये डिस्चार्जचा प्रकार, २६ ला सेपरेशन (नोकरीतून सुटण्याचा) कोड, २७ ला परत भरती घेतील का त्याचा कोड, २८ ला कारण. हे चार रकाने आधी नीट बघा, कारण अर्जात प्रकारासोबत कारण बदलायचीही मागणी करता येते आणि लोक ती करायची विसरतात.

२४ मध्ये "ऑनरेबल" असेल तर तुम्हाला हे पुढचं काही वाचायची गरज नाही. "जनरल, अंडर ऑनरेबल कंडिशन्स" असेल तर ऐकायला बरं वाटतं, आणि बऱ्याच गोष्टी मिळतातही, दवाखाना, डिसॅबिलिटीचे पैसे, होम लोन, पण दोन्ही जीआय बिलं मिळत नाहीत, त्यांना पूर्ण ऑनरेबलच लागतं. घरचे लोक नेमके इथे चकतात, की "ऑनरेबल" शब्द तर आहे ना कागदावर. त्याच्या खाली "अदर दॅन ऑनरेबल", मग कोर्ट मार्शलमधून येणारे "बॅड कंडक्ट" आणि "डिसऑनरेबल".

एक गोष्ट मात्र अर्ज करायच्या आधी तपासा. मुलाने पहिली टर्म पूर्ण करून परत सही केली होती का, म्हणजे री-एनलिस्ट झाला होता का? तसं असेल तर पहिला काळ ऑनरेबल धरला जाऊ शकतो आणि त्याच्या जोरावर अपग्रेडशिवाय जीआय बिल मिळू शकतं. शेरे लिहायच्या रकान्यात, १८ नंबरच्या, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत सलग ऑनरेबल सेवा अशा अर्थाची ओळ असते ती शोधा.

नसेल तर मग बोर्ड. डिस्चार्ज होऊन १५ वर्षं झाली नसतील तर डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे डीडी २९३ फॉर्म. १५ वर्षं उलटली असतील, किंवा जनरल कोर्ट मार्शलमधून (सगळ्यात वरच्या लष्करी कोर्टातून) डिस्चार्ज आला असेल, तर रेकॉर्ड करेक्शन बोर्डाकडे डीडी १४९. या दुसऱ्याला चूक लक्षात आल्यापासून ३ वर्षांची मुदत आहे पण न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटलं तर बोर्ड ती माफ करू शकतं, त्यामुळे उशीर झाला म्हणून घरी बसू नका, उशीर का झाला ते लिहा. आर्मीचा बोर्ड वेगळा, एअर फोर्सचा वेगळा, नेव्ही आणि मरीनचा एकच. फी कशालाच नाही. फी नाही हे मुद्दाम लिहितोय, कारण स्टेशनजवळचे काही व्हिसावाले एजंट "अमेरिकेचं काम आहे" म्हणून याचेही पैसे सांगतात, आणि त्यांना २९३ आणि १४९ मधला फरकही माहीत नसतो. तिकडे अमेरिकन लीजन, डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स अशा माजी सैनिकांच्या संघटना फुकट मदत करतात, काही लॉ कॉलेजांची क्लिनिक्सही अशा केसेस घेतात.

आणि ते "सहा महिन्यांनी आपोआप ऑनरेबल होतो" हे जे पोरं एकमेकांना सांगतात ना, ते साफ खोटं आहे. आपोआप काही होत नाही, अर्ज करावा लागतो आणि सिद्धही करावं लागतं, कारण बोर्ड आधी हेच गृहीत धरतं की आर्मीने जे केलं ते बरोबर केलं.

सिद्ध काय करायचं? दोन प्रकारे जाता येतं. एक, काढताना आर्मीने स्वतःचेच नियम पाळले नाहीत, नोटीस दिली नाही, वकिलाशी बोलायचा हक्क असताना बोलू दिलं नाही वगैरे. दुसरं, नियम पाळले असतील पण झालं ते अन्यायकारक होतं, म्हणजे बाकी सगळी नोकरी चांगली असताना एकदोन प्रसंगांवरून, किंवा तशाच चुकीसाठी दुसऱ्यांना एवढी शिक्षा झाली नसताना. दोन्ही मुद्दे असतील तर दोन्ही घाला पण वेगवेगळे लिहा, खिचडी करू नका.

त्यासाठी आधी रेकॉर्ड लागतं. सेंट लुईसला नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटर आहे, तिथून पूर्ण फाइल मागवायची, एसएफ १८० फॉर्मवर किंवा ऑनलाइन. डीडी २१४ वर भागणार नाही, सेपरेशनचं पूर्ण पॅकेट, म्हणजे काढतानाचे सगळे कागद मागा, मेडिकल रेकॉर्ड मागा, इव्हॅल्युएशन, म्हणजे कामाचे शेरे मागा. फाइल यायच्या आधी अर्ज टाकायची घाई करू नका, आपल्याला काय आठवतं आणि त्यांनी काय लिहून ठेवलंय यात जमीन-अस्मानाचा फरक निघतो. भाच्याला वाटत होतं उशिरा यायचा म्हणून काढलं, फाइलमध्ये त्याच महिन्यांत झोप लागत नाही म्हणून तो दवाखान्यात गेल्याच्या नोंदी निघाल्या, आणि केसचं सगळं वजन त्या नोंदींवर गेलं.

कारण मनाच्या आजाराचा मुद्दा असेल तर बोर्डाला सैल हाताने विचार करावा लागतो. पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक त्रास), डोक्याला मार, लैंगिक अत्याचार, मानसिक आजार, या सगळ्यांसाठी पेंटागॉनच्या सूचना आहेत, २०१४ ची हेगल मेमो आणि २०१७ ची कुर्टा मेमो. कुर्टा मेमोतले चार प्रश्न म्हणजे अर्जाचा सांगाडाच आहे: असा काही आजार किंवा अनुभव होता का, तो नोकरीत असताना होता का, त्यामुळे ती वागणूक समजण्यासारखी ठरते का, आणि डिस्चार्जच्या कारणापेक्षा त्याचं पारडं जड आहे का. चारही प्रश्नांना एकेक परिच्छेद, प्रत्येकाखाली पुरावा. तिसऱ्या प्रश्नावर जास्त मेहनत घ्या, आजार होता एवढं दाखवून थांबतात लोक, आजार आणि ती वागणूक यांचा सांधा दाखवत नाहीत.

पुरावा लष्कराच्या फाइलमधलाच हवा असं नाही. ठाण्यातल्या सायकियाट्रिस्टची ट्रीटमेंट चालू असेल तर त्यांचं पत्र चालतं, फक्त "रुग्ण उपचार घेत आहे" अशा दोन ओळी नकोत, निदान काय, कधीपासून असावं, वागण्यावर काय परिणाम होतो हे त्यांना लिहायला सांगा. आईने पत्र द्यावं, सुट्टीवर आला तेव्हा पोरगा कसा बदललेला दिसला ते, मराठीत लिहिलं तरी हरकत नाही पण सोबत इंग्रजी भाषांतर जोडा. बरोबर नोकरी केलेल्या एखाद्या सार्जंटचं पत्र मिळालं तर सोन्याहून पिवळं. सुटल्यानंतर काय केलं तेही घाला, नोकरी, कोर्स, आणि इकडे परत राहत असेल तर पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट.

या पत्रांसाठी लोक स्टॅम्प पेपर घेऊन कोर्टनाक्यावर नोटरीकडे धावतात. गरज नाही. अमेरिकन कायद्यात साधं सही केलेलं निवेदन चालतं, शेवटी "वरील मजकूर खरा आहे, खोटा निघाल्यास खोट्या साक्षीच्या शिक्षेस पात्र" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य, तारीख आणि सही. सही भारतात होत असेल तर त्या वाक्यात "अमेरिकेच्या कायद्यानुसार" हे शब्द पाहिजेतच.

बोर्डाला फोन करायचा असेल तर वॉशिंग्टनच्या वेळेचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात.

निकालाला वर्ष जाऊ शकतं, जास्तही. नुसत्या कागदांवर नकार आला तर त्याच १५ वर्षांच्या आत प्रत्यक्ष सुनावणी मागता येते, व्हिडिओवरही होते, आणि माणूस समोर बोलला की फरक पडतो असं मला वाटतं. तिथेही नाही झालं तर करेक्शन बोर्ड. २० डिसेंबर २०१९ किंवा त्यानंतर डिस्चार्ज झालेल्यांना त्याच्यावर अजून एक अपील आहे.

मधेच एक सावधगिरी: आर्मीमुळे सिटिझनशिप मिळाली असेल, पाच वर्षांची ऑनरेबल सेवा पूर्ण नसेल आणि डिस्चार्ज "अदर दॅन ऑनरेबल" असेल, तर सिटिझनशिपही काढून घेता येते. अशा केसमध्ये आधी इमिग्रेशनचा वकील.

अपग्रेड मिळालं की सुधारलेला डीडी २१४ येतो. तो जोडून व्हेटरन्स अफेअर्सकडे, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याकडे, २२-१९९० फॉर्मवर शिक्षणाचा अर्ज करायचा. माँटगोमेरीची मुदत सुटल्यापासून १० वर्षांची असते, पण डिस्चार्जमुळे अडकलेला काळ त्यात मोजत नाहीत, हे कुणी नाही म्हणालं तर वाद घाला. पोस्ट नाइन-इलेव्हनला, १ जानेवारी २०१३ ला किंवा त्यानंतर सुटलेल्यांना, मुदतच नाही. आणि पोरगा आता इकडेच शिकणार असेल तर भारतातल्या कॉलेजलाही जीआय बिल चालू शकतं, पण डिग्री कोर्स हवा आणि तो त्यांच्याकडे मंजूर हवा, त्यांच्या साइटवरच्या कम्पॅरिझन टूलमध्ये कॉलेजचं नाव टाकून बघा, आणि हे ॲडमिशनची फी भरायच्या आधी बघा.