दोन नमुन्यांची तुलना करणाऱ्या वितरणमुक्त चाचण्या: नवख्या विद्यार्थ्यांसाठी अनुभव

एम.एस्सी.ला असताना मी तीन कुंड्यांना एक खत आणि तीन कुंड्यांना दुसरे खत घालून रोपांची उंची मोजली होती. पहिल्या गटातील तिन्ही रोपे दुसऱ्या गटातील प्रत्येक रोपापेक्षा उंच निघाली, तरीही विल्कॉक्सनच्या क्रमबेरीज चाचणीने (सर्व मोजमापांना लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमांक देऊन एका गटाच्या क्रमांकांची बेरीज पाहणारी चाचणी) फरक सार्थ ठरवला नाही आणि मी दोन दिवस संगणकावरील आज्ञांमध्ये चूक शोधत बसलो. खरे तर सहा रोपांमधून तीन रोपे निवडण्याचे प्रकारच 20 असतात. दोन्ही बाजूंच्या टोकाच्या मांडण्या मिळून दोन, म्हणजे पी-मूल्य (खरा फरक नसताना इतका टोकाचा निकाल केवळ योगायोगाने येण्याची संभाव्यता) 0.1 च्या खाली जाऊच शकत नाही, आणि फरक सार्थ ठरायला ते सहसा 0.05 च्या खाली लागते. प्रत्येकी चार कुंड्या घेतल्या असत्या तर प्रकार 70 झाले असते आणि किमान मूल्य सुमारे 0.029 आले असते. हा हिशेब प्रयोगापूर्वी करायचा असतो.

फ्रँक विल्कॉक्सन हे व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी 1945 मध्ये ही चाचणी मांडली आणि 1947 मध्ये मान व व्हिटनी यांनी तिचेच समतुल्य रूप विस्ताराने अभ्यासले, म्हणून दोन्ही नावे आढळतात. तिची ताकद हातानेच करून पाहावी. समजा, एका गटातील रुग्ण 2, 3, 4, 5 दिवस रुग्णालयात राहिले आणि दुसऱ्यातील 6, 7, 9, 30 दिवस. येथे सरासरींची तुलना करणाऱ्या टी-चाचणीचे टी-मूल्य सुमारे 1.66 येते आणि 5 टक्के पातळीवर फरक सार्थ ठरत नाही. मात्र 30 च्या जागी 12 लिहिले की सरासरींमधील अंतर कमी होऊनही टी-मूल्य 3.4 च्या आसपास जाते. क्रमांकांना या बदलाचा पत्ताही लागत नाही, त्यामुळे दोन्ही वेळा पी-मूल्य 0.029 च राहते. बरे, वितरण प्रसामान्य (घंटेच्या आकाराचे) असले तरी मोठ्या नमुन्यांत या चाचणीची कार्यक्षमता टी-चाचणीच्या तुलनेत सुमारे 95.5 टक्के असते. इतक्या स्वस्तात विमा क्वचितच मिळतो.

तथापि, वितरणमुक्त (वितरणाचा ठरावीक आकार गृहीत न धरणारी) म्हणजे गृहीतकमुक्त नव्हे. निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र असावीच लागतात. एकाच रुग्णाची उपचारापूर्वीची व नंतरची मोजमापे असतील तर जोडीची चिन्हांकित-क्रम चाचणी वापरावी. ‘ही मध्यकांची चाचणी आहे’ हे विधान तोंडी परीक्षेत मीही ठोकून दिले होते. दोन्ही वितरणांचा आकार सारखा असून केवळ स्थान सरकले असेल तरच ते खरे ठरते. आकारातील फरकही शोधायचा असेल तर कोल्मोगोरोव्ह–स्मिर्नोव्ह चाचणी आहे, पण केवळ स्थानाच्या फरकासाठी ती सहसा कमी धारदार पडते.

आणखी एक बारकावा. वरील उदाहरणात पहिल्या गटाच्या क्रमांकांची बेरीज 10 येते, पण ‘आर’ ही सांख्यिकीची संगणक प्रणाली चाचणीचे मूल्य डब्ल्यू म्हणून 0 छापते, कारण ती बेरजेतून तिची किमान शक्य किंमत, म्हणजे येथे 10, वजा करते. गटांचा क्रम उलटा दिल्यास तिथे 16 दिसतात. पी-मूल्य मात्र तेच असते.