नशीब, मेहनत आणि कॉलेजचा शिक्का : बेळगावातून सॉफ्टवेअरमध्ये जाताना

सॉफ्टवेअरमध्ये चांगली नोकरी कशाने मिळते, नशिबाने, मेहनतीने की आयआयटीसारख्या कॉलेजच्या शिक्क्याने, हा प्रश्न बेळगावातल्या मुलांना पडतोच. आयआयटीचा शिक्का नेमकं काय देतो, ते आधी सुटं करून पाहा. शिकवण्यापुरतं बोलायचं तर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावर कुणालाही फुकट बघता येतात. शिक्क्याची खरी किंमत तीन गोष्टींत आहे. कंपन्या आपणहून दारात येतात, शेजारच्या खोलीतला मुलगा तुमच्याहून तयारीचा असतो, आणि आधी बाहेर पडलेले विद्यार्थी ओळख सांगितली की उत्तर देतात. बेळगावच्या उद्यमबागेतल्या किंवा जवळच्या मच्छेतल्या कॉलेजात शिकणाऱ्यालाही या तिन्ही गोष्टी मिळवता येतात. फक्त उशिरा, एकेक करून आणि स्वतः हालचाल करून.

नशिबाच्या आधी कागद. सीमाभागातली मुलं सगळ्यात जास्त नुकसान इथेच करून घेतात.

केसीईटीत, म्हणजे कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेत, इंजिनिअरिंगचा क्रमांक निम्मा पीयूसीच्या (कर्नाटकातली अकरावी-बारावी) फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणिताच्या गुणांवर, निम्मा सीईटीवर ठरतो. प्रत्येक विषयाला ६० प्रश्न, ८० मिनिटं आणि चुकीला गुण कपात नाही. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. पहिली ते दहावी कर्नाटकातल्या ग्रामीण भागात शिकलेल्यांसाठी १५ टक्के राखीव जागा असतात. त्याचं अभ्यास प्रमाणपत्र बीईओच्या (गटशिक्षणाधिकारी) सहीनिशी लागतं आणि अर्ज भरतानाच तसा दावा करावा लागतो. खानापूर तालुक्यातल्या शाळेत दहावी केलेल्या मुलाने हे प्रमाणपत्र शाळा सुरू असतानाच काढून ठेवावं. ऐन वेळी धावपळ केली की सही अडते. कन्नड माध्यमाच्या ५ टक्के जागा मराठी माध्यमाला लागू नाहीत, तो रकाना चुकून भरू नका.

अकरावी-बारावीला कोल्हापूरला जायचा विचार असेल तर थांबा. केसीईटीच्या पात्रतेचं मुख्य कलम कर्नाटकात ७ वर्षं शिक्षण आणि दहावी किंवा बारावीपैकी एक तरी परीक्षा इथूनच पास झालेली मागतं. बाहेर बारावी करणार असाल तर ही अट पुरी होते का, ते आधी तपासा.

महाराष्ट्राचा दरवाजा वेगळा आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांना तिथल्या इंजिनिअरिंग प्रवेशात ‘टाइप ई’ हा स्वतंत्र प्रकार मिळतो. त्यासाठी एमएचटी-सीईटी ही महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि दोन दाखले लागतात : एक विवादित सीमाभागातलं असल्याचा, दुसरा मातृभाषा मराठी असल्याचा. दोन्ही ठरलेल्या नमुन्यातच हवेत. दोन्ही राज्यांच्या सीईटी द्या. एका वाईट सकाळीवर चार वर्षं टांगून ठेवू नका.

एनआयटीसारख्या कॉलेजांसाठीची जेईई मेन मराठीतून देता येते, आयआयटीसाठी त्यापुढची ॲडव्हान्स्ड मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीतून. पीयूसीचं विज्ञानही इंग्रजीतच शिकायचं असतं. म्हणून मराठी माध्यमाच्या मुलाने नववीपासून एक वही करावी : चाल म्हणजे स्पीड, वेग म्हणजे व्हेलॉसिटी, जडत्व म्हणजे इनर्शिया. हुशार मुलं अकरावीच्या पहिल्या सहामाहीत मागे पडतात ती बहुतेक वेळा याच शब्दांमुळे.

बारावीला शिक्का हुकला तरी पुढे वाटा आहेत. डिप्लोमानंतर डीसीईटी ही कर्नाटकची परीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. बीसीएनंतर एनआयएमसीईटी ही एनआयटींच्या एमसीएची प्रवेश परीक्षा दिली तर सुरतकलच्या एनआयटीकेत एमसीए करता येतं. एम.टेकसाठीची गेट परीक्षा तर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापासून देता येते : १०० गुण, ३ तास, गुणांक ३ वर्षं चालतो. कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात २८ गुण अॅप्टिट्यूड आणि इंजिनिअरिंग गणिताचे असतात. ते पक्के करायला चार महिने पुरतात, तरी मुलं हाच भाग शेवटी ठेवतात.

आता मेहनत. सगळ्यांच्या सीव्हीवर तोच व्हिडिओ बघून केलेला प्रोजेक्ट असतो, त्यामुळे निवडणाऱ्याला विचारण्यासारखं काही सापडत नाही. त्यापेक्षा गावातलं काम घ्या. उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीत (धातू ओतण्याचा कारखाना) रिजेक्शनची वही असते : हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक), किती कास्टिंग म्हणजे ओतीव भाग, किती नापास, कारण काय. पहिला आठवडा कोड लिहू नका. मालकाची परवानगी घेऊन, गिऱ्हाइकांची नावं वगळून, वही उतरवून घ्या. मग मोबाइलवर एकच फॉर्म करा आणि दोन महिने तो सुपरवायझरच्या हातात राहू द्या.

इथे खऱ्या अडचणी येतात. शेडमध्ये नेट जातं, म्हणून नोंद आधी फोनवर साठवून नंतर पाठवावी लागते. ती दोनदा गेली की आकडे फुगतात, म्हणून प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक हवा. ‘ब्लोहोल’ (कास्टिंगमधली हवेची पोकळी) तीन जण तीन प्रकारे लिहितात, म्हणून कारणांची तयार यादी लागते. हात काळे असतात, म्हणून बटणं मोठी करावी लागतात. मुलाखतीत या चार अडचणी नीट सांगता आल्या की कॉलेजचं नाव मागे पडतं.

चांगल्या सोबतीसाठी खुल्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही बघता-सुधारता येतो अशा, प्रकल्पांत शिरा. अशा प्रकल्पांवर नवख्यांना काम देणारी गूगल समर ऑफ कोड ही योजना २००५ पासून चालते आणि वय १८ पूर्ण असलं की कॉलेज कुठलं हे तिथे आडवं येत नाही. त्यात भाग घेणाऱ्या संस्थांची यादी साधारण फेब्रुवारीत येते. तेव्हा सुरुवात करणाऱ्याला उशीर झालेला असतो. आदल्या वर्षीच्या यादीतली एक संस्था निवडून डिसेंबरपासून छोटे दोष दुरुस्त करा.

अर्जांची वही ठेवा : तारीख, कंपनी, ओळखीतून की पोर्टलवरून, कुठपर्यंत गेला, कुठे अडला. आठवड्याला दहा अर्ज, त्यातले निम्मे ओळखीतून. आपल्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्याला पाच ओळींत लिहा : पदाचा क्रमांक, तुमचं काम दोन ओळींत, लिंक, सीव्ही. ‘दादा, काहीतरी बघा ना’ एवढंच लिहिलं तर त्यालाही पुढे काय पाठवायचं ते कळत नाही.

चाळीस अर्जांनंतर एकही बोलावणं नसेल तर सीव्ही किंवा मार्ग चुकतोय. बोलावणं येतं पण चाचणीत अडता, तर रोज दोन अल्गोरिदमचे प्रश्न सोडवा. चाचणी पार होऊन मुलाखतीत अडता, तर आपलं काम इंग्रजीत मोठ्याने दहा मिनिटं सांगायची सवय करा. हे तिन्ही ठीक असूनही काही होत नसेल, तेव्हाच त्याला वर्षाचं नशीब म्हणा. २०२१ मध्ये आयटी कंपन्यांनी भरभरून भरती केली, २०२३ मध्ये हात आखडला. पास होण्याचं साल कुणाच्या हातात नसतं. त्या काळात अनेकांना ऑफर लेटर मिळूनही रुजू व्हायला कित्येक महिने थांबावं लागलं. म्हणून जॉइनिंगच्या दिवसापर्यंत ती वही चालू ठेवा.