भाद्रपदात कोंबड्यांचे जंत तपासा, मगच औषध द्या

श्रावणात बहुतेक घरांत कोंबडी कापली जात नाही. परसातला कळप महिनाभर वाढतो आणि जंतांनाही हाच काळ मानवतो. विष्ठेतून पडलेली गोलकृमीची अंडी दमट, उबदार मातीत दोन-तीन आठवड्यांत बाधा करण्याजोगी होतात आणि सावलीत महिनोन्‌महिने टिकतात. कोंबडी ती दाण्याबरोबर टिपते. चपटे जंत, म्हणजे फीतकृमी, मुंग्या आणि भुंगेऱ्यांतून येतात, काही जंत गांडुळांतून. म्हणजे मोकळ्यावर चरणाऱ्या कोंबडीच्या पोटात थोडेफार जंत असायचेच. प्रश्न असतो किती आहेत आणि कोणते, हा.

श्रावण सरल्यावर घरात पहिली कोंबडी कापाल तेव्हा तिची आतडी लगेच फेकू नका. यासारखी फुकटची तपासणी दुसरी नाही. आतडे कात्रीने उभे चिरा आणि पाण्याच्या थाळीत पसरा. लहान आतड्यात शेवईसारखे पांढरे, बोटभर लांब दिसले तर ते गोलकृमी. आतड्याच्या शेवटाकडे एका टोकाला बंद अशा दोन आंधळ्या पिशव्या असतात, त्यांच्या टोकाशी दोऱ्याच्या तुकड्याएवढे, सेंटिमीटरभर जंत सापडतात; तेही बघा. आतड्याला एका टोकाने चिकटलेली, कापे जोडल्यासारखी चपटी फीत म्हणजे फीतकृमी. त्याच्या एका जातीमुळे आतड्याच्या भिंतीवर गाठी येतात. एखाद-दुसरा जंत दिसला तर घाबरू नका, पण गुच्छ दिसला तर सगळ्या कळपाला बाधा आहे असेच धरा. पाहून झाले की आतडी खोल पुरा. उकिरड्यावर टाकली तर बाकीच्या कोंबड्या तीच टोचतात. हे जंत माणसाला होत नाहीत, त्यामुळे मांस नीट शिजवून खायला हरकत नाही.

जिवंत कोंबडी रात्री, खुराड्यात बसल्यावर तपासा. दिवसा मागे धावून ती उगाच दमते. छातीच्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंचे मांस गेले असेल आणि हाड सुरीच्या पात्यासारखे लागत असेल, तुरा फिका पडला असेल, दाणे खाऊनही अंडी घटली असतील, तर शंका घ्या. तीन महिन्यांच्या आतल्या पिलांना आणि तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांना) सर्वात जास्त झळ बसते. विष्ठा बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा: दिवसातून काही वेळा पडणारी तपकिरी, चिकट, वासाची विष्ठा ही निरोगी कोंबडीचीही असते, ती हगवण नव्हे.

पहाटे खुराड्याखालची ताजी विष्ठा आठ-दहा ठिकाणांहून थोडी थोडी घ्या आणि स्वच्छ डबीत त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. उन्हात ठेवू नका. अहवालात अंडी नाही दिसली तरी निर्धास्त होऊ नका, कारण कोवळे जंत अंडी घालत नाहीत. कोंबड्या खंगतच असतील तर पंधरा दिवसांनी पुन्हा नमुना द्या.

एवढा खटाटोप यासाठी, की एकच औषध सगळ्या जंतांवर चालत नाही. दुकानात सहज मिळणारे पाइपरेझिन गोलकृमीवर लागू पडते, फीतकृमीवर नाही. अंदाजाने, कमी मात्रेत, वारंवार दिले तर जंत औषधाला सरावतात. मात्रा वजनावर ठरते, म्हणून दोन-तीन कोंबड्या काट्यावर घालून मगच डॉक्टरांना विचारा. आणि पिलांच्या विष्ठेत रक्त दिसले तर जंताच्या औषधात दिवस घालवू नका. ती रक्ती हगवण असू शकते, तिचे औषध वेगळे आणि घाईचे.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस द्यायची असेल तर जंतनिर्मूलन साधारण आठवडाभर आधी उरका. औषध दिल्यानंतर दोन-तीन दिवस पडणारी विष्ठा रोज गोळा करून पुरा, तिच्यात जंत आणि अंडी दोन्ही असतात. खुराड्यातले ओले तूस काढून टाका, जमीन उन्हाला उघडी करा, पाण्याच्या भांड्याभोवती चिखल होऊ देऊ नका. पिले मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवता आली तर उत्तम. औषधानंतर अंडी आणि मांस किती दिवस खायचे नाही, हे डॉक्टरांना विचारून बाटलीवरच लिहून ठेवा.