बजीला करामती शिकवायच्या तर

आधी पक्षी कुठला ते बघा. गळ्याभोवती कंठ असलेला आपला रानातला हिरवा पोपट घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. दुकानदार ज्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात, तो बहुतेक वेळा बजरीगर असतो. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, वजन जेमतेम ३०-४० ग्रॅम. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. हा लेख बजरीगरबद्दल, म्हणजे लाडाने बजीबद्दल.

नवा पक्षी आणल्यावर आठ-दहा दिवस काहीच शिकवू नका. पिंजरा घरातल्या वावराच्या जागी, पण एका बाजूला भिंतीला लागून ठेवा आणि जाता-येता हळू आवाजात बोलत राहा. तो तुमच्यासमोर निवांत पिसं साफ करू लागला, की पुढची पायरी.

लाच म्हणून राळ्याचं कणीस आणा. काही पक्षीवाले राळ्याला कांग म्हणतात. एरवी ते पिंजऱ्यात टांगून ठेवू नका. दिवसभर मिळणाऱ्या गोष्टीसाठी कोण कष्ट करेल? मात्र शिकवण्यासाठी पक्ष्याला उपाशीही ठेवायचं नाही. एवढ्याशा जिवाला भूक सोसत नाही. सकाळी दाण्याची वाटी भरण्याआधीची पाच मिनिटं पुरतात.

कणीस धरलेला हात पिंजऱ्यात न्या आणि स्थिर ठेवा. हात वरून आणू नका, शिकारी पक्षी वरूनच झडप घालतात. तो हातातून खायला लागला, की बोट त्याच्या पोटाखाली, पायांच्या जरा वर अलगद टेकवा आणि ‘ये’ म्हणा. बोटावर चढला की लगेच दाणा. ‘लगेच’ म्हणजे एका सेकंदात. उशीर झाला तर बक्षीस कशाचं, हे त्याला कळत नाही. म्हणून मी बटणाचं पेन वापरते. बरोबर केलं की ‘टक’, मग दाणा. आवाजाची भीती वाटली तर जिभेने ‘टक’ करा.

आता खरी किल्ली: आईस्क्रीमची काडी. चोचीजवळ धरा, कुतूहलाने टोचली की टक, दाणा. मग काडी बोटभर लांब न्या. दोन-तीन दिवसांत तो काडीमागे चालू लागला, तर निम्मं काम झालं. काडी त्याच्याभोवती फिरवली की गिरकी. बांगडीच्या पलीकडे धरली की बांगडीतून आरपार. सुरुवातीला पाव गिरकीलाही दाणा द्या, मग अर्धीला, मग पूर्ण फेरीलाच. काडी हळूहळू लहान करत शेवटी नुसत्या बोटाच्या खुणेवर आणा.

पिसं अंगाशी चिकटवून ताठ उभा राहिला किंवा पाठ फिरवली, तर थांबा. मुठीत पकडून परत बसवलंत, तर आठवडाभराची मेहनत वाया.

पिंजऱ्याबाहेर काढण्यापूर्वी पंखा बंद, खिडक्या बंद, आरसा झाकलेला. स्वयंपाकघरात तर नकोच. तापलेल्या नॉनस्टिक तव्याचा धूर पक्ष्यांचा जीव घेतो.

चेंडू वाटीत टाकणं सगळ्यात वेळखाऊ. आधी चेंडू चोचीत उचलण्याला दाणा, मग वाटीवर आणण्याला, शेवटी वाटीत पडला तरच. आमचा बजी तो टेबलाखाली फेकतो आणि मान वाकडी करून बघतो, आता वाकून कोण उचलतंय.