गणितात मार्क कमी पडले की घरी काय करायचं

पेपर घरी आला की सही करा, दप्तरात ठेवा आणि मुलाला जेवायला वाढा. त्या रात्री मार्कांचा विषय नको. "बाकीच्यांना किती पडले?" हा प्रश्न तर कधीच नको.

दुसऱ्या दिवशी डोळे तपासून घ्या. फळ्यावरचं उतरवून घेताना आकडे चुकत असतील तर आधी चष्म्याचा नंबर बघायचा, मग क्लासचा विचार.

आता खरं अवघड काम: गाडी नेमकी कुठे अडली ते शोधणं. "जास्त सराव घ्या" हा सल्ला ऐकला की मला राग येतो. चुकीच्या पद्धतीचा सराव केला की चूकच पक्की होते. माझ्या मुलाच्या तिसरीत मी हेच केलं. रोज वीस वजाबाक्या, चुकलं की ओरडा, एकदा थप्पडही. पुढचा पेपर मला गादीखाली सापडला.

मग एका संध्याकाळी त्याला म्हटलं, "मोठ्याने बोलत बोलत कर, मी काही बोलणार नाही." गणित होतं ५२ वजा २७. तो म्हणाला, "सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन, पस्तीस." मोठ्या आकड्यातून लहान वजा करायचा, हे त्याने नीट लक्षात ठेवलं होतं. वर कोण, खाली कोण, हे त्याच्या लेखी महत्त्वाचंच नव्हतं. बेफिकिरी म्हणून मी ज्यावर ओरडत होते, तो त्याचा प्रामाणिकपणे पाळलेला नियम होता.

तुम्हीही एवढंच करा. एक गणित द्या, मोठ्याने बोलायला सांगा आणि तोंड मिटून बसा. मधेच "अरे, हातचा!" म्हणालात की संपलं, मूल तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर बदलत बसतं. चूक कळली तरी तेव्हाच दुरुस्त करू नका. तशीच आणखी दोन गणितं द्या. तिन्हीत तोच घोटाळा दिसला तर जागा सापडली.

संख्या सांगून लिहायलाही लावा. सत्तावन्न ऐकताना आधी सात येतो, लिहिताना आधी पाच. मूल ७५ लिहितं ते यामुळे. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी 'वीस एक, वीस दोन' आणलं तेव्हा खूप टीका झाली, पण अडचण खरी आहे.

दुरुस्ती त्यामानाने सोपी. दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी मुलाच्या हातात द्या आणि सत्तावीस रुपये मागा. सात सुटे नाहीत, म्हणून ते स्वतःच म्हणेल, "एक नोट सुटी करून दे." हातच्याची वजाबाकी म्हणजे हेच. रोज पंधरा मिनिटं, दोन आठवडे. जास्त नको.

शिस्तीबद्दल माझं मत ठाम आहे: मार्कांसाठी शिक्षा नाही, लपवालपवीसाठी आहे. पेपर लपवला तर मुलाने स्वतः बाईंना जाऊन सांगायचं, आपण शेजारी उभं राहायचं. खेळ बंद करू नका. संध्याकाळी घाम गाळून आलेलं मूल अभ्यासाला बरं बसतं. आणि मारणं अजिबात नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शाळेतसुद्धा शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी आहे. शाळेत जे चालत नाही ते घरी का चालावं?

एवढं करूनही काही महिन्यांत फरक पडला नाही, अक्षरं उलटी येत राहिली, वाचताना ओळी सुटत राहिल्या, तर तपासणी करून घ्या. अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित जड जाणं, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. निदान साधारण आठव्या वर्षानंतर नीट करता येतं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. प्रमाणपत्र असलेल्या मुलांना राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. पण तपासणीला अनेक खेपा लागतात, म्हणून दहावीचा फॉर्म भरायची वेळ येईपर्यंत थांबू नका. आठवीतच नंबर लावा.