एमजीबीला रुंद टायर: आधी ओळंबा, मग खरेदी

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. ती बाळगणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "जास्तीत जास्त किती रुंद बसेल?" मी उलट विचारतो, वाढलेली रुंदी जाणार कुठे, आत की बाहेर? याचं उत्तर हातात नसेल तर पाकीट उघडू नका. विकणारा "बसेल हो" म्हणणारच.

आधी व्यास बघा. मूळ १६५ आर १४ (म्हणजे १६५ मिमी रुंद, १४ इंची रिमचा) टायरचा व्यास साधारण ६२५ मिमी. १८५/७० आर १४ (७० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के) घेतला तर ६१५, म्हणजे फरक नगण्य. पण १९५/६० आर १४ घेतला की थेट ५९०. गाडी १७-१८ मिमी खाली बसते, इंजिन उगाच जास्त फिरतं आणि स्पीडोमीटर जास्त वेग दाखवतो. १९५/६०च हवा असेल तर रिम १५ इंची घ्या, व्यास पुन्हा ६१५वर येतो. माझं मत विचाराल तर १८५/७० पुरे. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, पार्किंग करताना खांदे बोलतात.

आता ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यापासून चाक हबला टेकतं त्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. रिम ५ इंचांची ६ इंच केली आणि ऑफसेट तोच ठेवला, तर आत १२.७ मिमी आणि बाहेर १२.७ मिमी वाढ होते. ऑफसेट ५ मिमीने कमी केला की अख्खं चाक ५ मिमी बाहेर सरकतं. म्हणून आधी सध्या असलेली जागा मोजा.

गाडी सपाट जमिनीवर उभी करा. मागच्या मडगार्डच्या आतल्या कडेला, चाकाच्या बरोबर मध्यावर, ओळंबा लावा. दोरा आणि टायरची बाहेरची बाजू यांतलं अंतर मोजा. मग आत हात घालून टायर ते पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) हे अंतर घ्या. दोन्ही बाजूंना मोजा! या गाड्यांत डावी-उजवी जागा सारखी निघेलच असं नाही. कमी आकडा येईल तोच खरा धरायचा. वळणावर रबरी बुश दबून मागचा ॲक्सल थोडा आडवा सरकतो, त्यामुळे दोन्हीकडे किमान १० मिमी मोकळे सोडा.

आकडे जमले तर एकच चाक उसनं आणून बसवून बघा. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक जाड फळ्यांवर चढवा, गाडी पिळली जाते आणि ती चाकं वर दाबली जातात. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पुढे कुठे घासतंय का बघा. मग फळ्या दुसऱ्या कर्णावर. मागच्या मडगार्डच्या कडेला आतून मुलांच्या खेळण्यातल्या मातीची वळी चिकटवा, डिकीत वजन टाका आणि एखाद्या गतिरोधकावरून सावकाश जा. माती चपटी झाली असेल तर कड आत वळवावी लागेल. ते काम हीट गनने रंग गरम करूनच करा, नाहीतर रंग तडकतो. स्पेसर (हब आणि चाक यांच्यामधली चकती) लावून जागा काढणं मला पटत नाही, कारण नटला धरायला स्टडचे, म्हणजे हबवरच्या बोल्टचे, आटे कमी उरतात. स्टड अर्ध्या इंचाचा आहे, इंचाला २० आटे. नट हातानं किमान १० पूर्ण फेरे बसला पाहिजे.

तारांची चाकं असतील तर ट्यूब लागणारच. ती घासू नये म्हणून टायर आतून गुळगुळीत आहे ना, हेही हात फिरवून बघा.

अलॉय रिमचे नट वेगळे असतात, बसायची जागा तिरकी की सपाट ते जुळवून घ्या. बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर टॉर्क रेंचनं पुन्हा आवळा. आणि स्टेपनी जुनी लोखंडीच ठेवणार असाल तर तिचे चार जुने नट टूलकिटमध्ये टाका, अलॉयचे नट तिला चालतीलच असं नाही.