दोन जुन्या बोटींतली कोणती घ्यावी?

आमच्याकडे न्यू जर्सीत उन्हाळा जेमतेम, त्यात बोट दुरुस्तीत अडकली की सीझन गेलाच. समजा, दोन्ही १९ फुटी, किंमतही सारखीच. एकीला आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेर टांगलेलं इंजिन. दुसरीला स्टर्नड्राइव्ह, म्हणजे इंजिन बोटीच्या आत आणि पंख्याचा भाग तेवढा मागे बाहेर. आधी ट्रान्सम बघा, म्हणजे मागची भिंत. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने इंचाइंचावर टकटक करा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आला, तर आतलं लाकूड कुजल्याची दाट शंका. मग अनवाणी चालून बघा. तळ पायाखाली दबला, तर बोट कितीही चकचकीत असो, सोडून द्या.

विकणाऱ्याला बजावून ठेवा, मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गार इंजिन कसं सुरू होतं, तेच बघायचंय. गिअरचं तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. स्टर्नड्राइव्हचे बेलोज, म्हणजे इंजिन आणि बाहेरच्या भागामधल्या जोडावरची घडीदार रबरी आवरणं, कधी बदलले, त्याची पावती मागाच. ते फाटले की पाणी थेट बोटीत.

दोन्ही पास झाल्या, तर मी स्टर्नड्राइव्ह घेईन. मागे सलग फलाट मिळतो, भारतातून आलेल्या आईबाबांना त्यावर बसून पाण्यात पाय सोडता येतात. फक्त तिथे कुणी असताना इंजिन बंदच हवं. क्षमतेच्या पाटीवरची माणसं आणि वजन मात्र घरच्यांशी ताडून घ्या.